मुलांचा खाऊ आणि घरची करमणूक

घरांत मुलाची मुंज ठरावयाची असली, त्याला कोणत्या शाळेंत घालावें हा प्रश्न निघाला, किंवा मुलीनें पुढें कोणता विषय घ्यावा याची चर्चा सुरू झाली, म्हणजे सारें घर एकत्र बसतें. आजोबांचें मत घेतलें जातें, काकांस विचारणा होते, परगांवच्या आत्याबाईंचा सल्लाहि येतो. परंतु त्याच मुलानें दुपारीं चार वाजतां शाळेंतून आल्यावर काय खावें आणि रात्रीं आठ वाजतां काय पाहावें, हें मात्र कोणीच ठरवीत नाहीं. जो जवळ असेल तो, जें हाताशीं असेल तें देतो, आणि प्रश्न मिटला असें समजतो. मुंज आयुष्यांत एकदां होते; दुपारचे चार रोज वाजतात. मुलाच्या आवडीनिवडी घडतात त्या मुख्यतः या रोजच्या प्रसंगांनीं. म्हणून या खेपेस या सदरांत आम्हीं ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या निवडीचाच विचार करावयाचें योजिलें आहे.

असा विचार एखादें गांव डोळ्यांपुढें ठेवून केलेला बरा. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर शिरूर तालुक्यांत शिक्रापूर लागतें. चाकणहून येणारा रस्ता येथेंच मोठ्या रस्त्यास मिळतो. अलीकडे कोरेगांव भीमा व सणसवाडी येथील कारखाने, पलीकडे रांजणगांवची औद्योगिक वसाहत. मधून अहोरात्र मालमोटारी धांवत असतात. मुळांत हा बाजरी-ज्वारीचा मुलूख. कारखाने आले, पाळ्यांनीं काम करणारीं माणसें आलीं, रस्त्याच्या दोन्ही अंगांस दुकानें व टपऱ्या उभ्या राहिल्या. रांजणगांवास अष्टविनायकांपैकीं महागणपतीचें देवस्थान आहे, आणि त्याच रांजणगांवीं ब्रिटानिया कंपनीचा बिस्किटांचा मोठा कारखानाहि आहे. म्हणजे मोदक तेथला आणि बिस्किटहि तेथलेंच! या दोहोंच्या मध्यें आजचें मूल वाढतें आहे, आणि त्यानें कशाकडे किती हात करावा हें ठरविण्याचें काम आईबापांस रोज करावें लागतें.

अशा गांवांतील एक एकत्र कुटुंब आहे असें समजा. आजोबा शिक्षकाच्या नोकरींतून निवृत्त झालेले. थोरला मुलगा कारखान्यांत. त्याची पाळी दर आठवड्यास बदलते. धाकटा रोज पुण्यास जातो. थोरली सून शाळेंत शिकविते, धाकटी घर सांभाळून घरींच कांहीं काम करते. तीन मुलें, एक अकरा वर्षांचें, एक सहा वर्षांचें व एक दोन वर्षांचें. या घरांत मुलांना खाऊ कोण देतें? आजोबांच्या कपाटांत बिस्किटांचा पुडा नेहमीं असतो, आणि नातवंडानें मागितला कीं तें कपाट उघडतें. आजी दोन वर्षांच्या बाळापुढें मोबाईल धरून त्याला भात भरविते. काका रात्रीं उशिरां घरीं येतात. दिवसभर मुलांस भेटलों नाहीं ही रुखरुख त्यांच्या मनांत असते, म्हणून येतांना वेफर्सचें पाकीट व थंड पेयाची बाटली आणतात. प्रत्येकाच्या देण्यांत प्रेमच आहे. पण तीन महिन्यांनीं मुलाचे दांत किडले, किंवा मोबाईलखेरीज तें जेवेनासें झालें, म्हणजे एकच वाक्य ऐकूं येतें, “त्याच्या आईचें लक्ष नाहीं.” निवड सारें घर करतें आणि जाब मात्र एकट्या आईनें द्यावयाचा, हा न्याय आम्हांस मान्य नाहीं. ज्या घरांत देणारे अनेक आहेत, तेथें ठरविणारेहि अनेकच असले पाहिजेत, आणि एकदां ठरलें म्हणजे तें सर्वांनीं पाळलें पाहिजे. आजच्या लेखांत आम्हांस मुख्यतः हेंच सांगावयाचें आहे.

प्रथम घरोघर रूढ होत चाललेल्या एका प्रघाताकडे वळूं. दोन वर्षांचें मूल जेवत नाहीं, म्हणून त्याच्यापुढें मोबाईल धरावयाचा, त्यावर नाचतीं-गातीं चित्रें लावावयाचीं, आणि विस्मयानें त्याचें तोंड उघडलें कीं त्यांत वरणभाताचा घांस सारावयाचा! दहा-पंधरा मिनिटांत वाटी रिकामी होते व भरविणाऱ्यास समाधान वाटतें. परंतु या व्यवहारांत मूल जेवलें असें म्हणतां येईल काय? त्यानें भाताची चव घेतली नाहीं, तुपाचा वास घेतला नाहीं, आणि पोट भरल्याची खूणहि त्यास कळली नाहीं. यावर कोणी म्हणतील कीं पूर्वींच्या आयाहि अंगणांत नेऊन, काऊ-चिऊचा घांस म्हणून, चांदोबा दाखवूनच भरवीत असत. मोबाईल हा नव्या काळचा चांदोबा समजावा. या दोहोंत एक मोठा भेद आहे. चांदोबा दाखविणारी आई स्वतः मुलाच्या तोंडाकडे पाहात असे; त्यानें मान फिरविली कीं तिचा हात थांबे. मोबाईलपुढें बसलेलें मूल मान फिरवीतच नाहीं. ‘आतां पुरे’ असें सांगण्याची जी एकच भाषा त्याला अवगत असते, तीच आपण त्याच्यापासून काढून घेतों. पुढें हेंच मूल मोठें झाल्यावर पडद्यापुढें बसून पाकिटामागून पाकीट रिकामें करूं लागलें, तर त्याला बोल लावण्यांत काय अर्थ?

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं लहान मुलांविषयीं जें मार्गदर्शन प्रसिद्ध केलें, त्यांत दोन वर्षांखालील मुलांनीं पडद्यापुढें बसूं नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांनीं दिवसांतून एका तासाहून अधिक बसूं नये, त्याहूनहि कमी असल्यास बरें, असें सांगितलें आहे. जेवणाच्या पानाशीं पडदा आणला तर या तासाचा मोठा भाग जेवणांतच जातो. म्हणून आमची पहिली सूचना अशी कीं, जिभेची भूक आणि डोळ्यांची भूक या दोहोंस वेगवेगळ्या वेळा असाव्या. जेवतांना जेवावें, पाहतांना पाहावें. ज्या मुलास संवय लागलेली आहे तें पहिले तीन-चार दिवस रडेल, कमी जेवेल. घरच्या वडील माणसांनीं त्या दिवसांत धीर सोडूं नये. चांगल्या प्रकृतीचें मूल भूक लागल्यावर जेवल्याशिवाय राहात नाहीं. मुलाचें वजन वाढत नसेल तर वैद्यकीय सल्ला घ्यावा; पण त्यावर मोबाईल हा उपाय नव्हे.

आतां खाऊचा विचार करूं. साखरेच्या बाबतींत अनुमानापेक्षां हिशेब बरा. अन्नांत वरून घातलेली साखर, गूळ, मध वगैरे सर्व मिळून दिवसाच्या एकंदर उष्मांकांच्या दशांशाहून कमी असावीं, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं केली. सहा वर्षांच्या मुलाचा दिवसाचा आहार सुमारें १,३५० किलोकॅलरींचा धरला तर त्याचा दशांश म्हणजे सुमारें ३४ ग्रॅम साखर, चहाचे जवळजवळ सात चमचे. साध्या ग्लुकोज बिस्किटांत शंभर ग्रॅममागें सुमारें २५ ग्रॅम साखर असते. म्हणजे ५० ग्रॅमच्या लहान पुड्यांत साडेबारा ग्रॅम आली. थंड पेयाच्या २५० मिलिलिटरच्या बाटलींत सुमारें २५ ग्रॅम असते. आजोबांचा एक पुडा आणि काकांची एक बाटली मिळून मुलाची दिवसाची मर्यादा ओलांडली गेली. दुधांत घातलेली साखर व पोळीवरचा गूळ अजून मोजलेलाच नाहीं. दोघांपैकीं कोणीहि अतिरेक केला नव्हता. दोघांनीं एकमेकांस विचारलें नव्हतें, इतकेंच.

पाकिटावरील मजकूर वाचावयास घरांतील अकरा वर्षांच्या मुलासच शिकवावें. तें काम मुलें मोठ्या हौसेनें करतात. घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानें द्यावी लागते. म्हणून जें पहिल्या दोन-तीन जागीं आहे तोच खरा पदार्थ. ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ म्हणजे आपला मैदा, ‘इन्व्हर्ट सिरप’ किंवा ‘लिक्विड ग्लुकोज’ म्हणजे साखरेचेंच दुसरें रूप. दुधांत घालावयाच्या चॉकोलेटी चूर्णांचीहि हीच कथा. ‘आरोग्यपेय’ असा वर्ग अन्नसुरक्षेच्या कायद्यांत मुळीं सांगितलेलाच नाहीं, असें कळवून केंद्र सरकारनें एप्रिल २०२४ मध्यें इंटरनेटवरील विक्रेत्यांस अशीं पेयें त्या नांवाखालीं न दाखविण्याविषयीं सूचना दिली. शाळेच्या दारापासून ५० मीटरच्या आंत अति मेदाचे, अति मिठाचे व अति साखरेचे पदार्थ विकूं नयेत असा नियम २०२० सालीं झाला. चांगला नियम आहे. परंतु घरांतल्या कपाटास तो लागू होत नाहीं!

मग द्यावें तरी काय? उत्तर आपल्याच स्वयंपाकघरांत आहे, आणि शिक्रापूरच्या परिसरांत तर तें शेतांतहि आहे. बाजरीची भाकरी कुसकरून तिचा गूळ-तूप घालून केलेला मलिदा, ज्वारीच्या लाह्या, भाजणीचें थालीपीठ व लोणी, राजगिऱ्याचा लाडू, फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की, मेतकूट-भात, शिकरण, दडपे पोहे, ताक, हंगामाप्रमाणें पेरू, बोरें, जांभळें. यांत गोडहि आहे. आम्ही गोडाचे वैरी नाहीं. पोह्यांवर लिंबू पिळण्याची आपली जुनी चाल केवळ चवीची नव्हे. लिंबांतील जीवनसत्त्वामुळें धान्यांतील लोह अंगीं लागण्यास मदत होते. याच्या उलट, आजी प्रेमानें बशींतला चहा नातवाला देतात, त्या चहानें लोह अंगीं लागण्यास अडथळा येतो. म्हणून जेवणाशीं व न्याहारीशीं तरी मुलांस चहा नको. आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. एक वर्षाखालील मुलास मध मुळींच चाटवूं नये. त्यांतून घातक विकार होण्याचा संभव असतो. तसेंच चार-पांच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या हातीं अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊं नयेत. ते श्वासनलिकेंत अडकण्याचा धोका असतो. त्यांचें कूट करून द्यावें.

शासनाच्या शालेय पोषण योजनेंत पहिली ते पांचवीच्या मुलास दुपारच्या जेवणांतून ४५० किलोकॅलरी व १२ ग्रॅम प्रथिनें, आणि सहावी ते आठवीच्या मुलास ७०० किलोकॅलरी व २० ग्रॅम प्रथिनें मिळावीं, असें प्रमाण बांधून दिलेलें आहे. हें प्रमाण सर्वत्र पुरतें पाळलें जातें कीं नाहीं हा निराळा प्रश्न. पण सरकारनें निदान विचार करून कांहीं ठरविलें आणि तें लिहून ठेविलें. सुशिक्षित म्हणविणाऱ्या किती घरांत मुलांच्या चारच्या खाण्याविषयीं असें कांहीं ठरलेलें असतें?

करमणुकीच्या बाबतींत आपली स्थिति याहून वेगळी नाहीं. पुण्याचें आकाशवाणी केंद्र १९५३ सालीं सुरू झालें, मुंबईचें दूरदर्शन केंद्र १९७२ सालीं. त्या काळांत घरांत यंत्र एकच असे, तें माजघरांत किंवा बाहेरच्या खोलींत ठेविलेलें असे, आणि जें ऐकावयाचें-पाहावयाचें तें सर्वांनीं मिळून. ‘किलबिल’ हा मुलांचा कार्यक्रम आजीहि पाहात असे व आजोबांच्या बातम्या नातवंडांच्या कानीं पडत. ही एकी कोणीं विचारपूर्वक साधली होती असें नव्हे. यंत्र एक होतें म्हणून ती आपोआप साधली. आतां प्रत्येकाच्या हातीं पडदा आहे, म्हणून जें पूर्वीं आपोआप होत होतें तें आतां ठरवून करावें लागेल. एका खोलींत सहा माणसें सहा निरनिराळ्या गोष्टी पाहात बसलीं, तर त्याला कुटुंबाची करमणूक म्हणणें कठीण आहे.

मुलांस काय दाखवावें याची ढोबळ खूण आतां सरकारी दाखल्यांतहि मिळते. पालकांच्या देखरेखीखालीं पाहावयाच्या चित्रपटांचा जो ‘यूए’ वर्ग आहे, त्याचे २०२४ च्या नियमांनीं ७, १३ व १६ वर्षें असे तीन भाग केले आहेत; घरीं इंटरनेटवरून दिसणाऱ्या मालिकांसहि २०२१ च्या नियमांनीं अशीच वयाची वर्गवारी लागू झाली, आणि तेरा वर्षांवरील वर्गास कुलूप घालण्याची सोयहि त्यांत सांगितली आहे. ती सोय करून ठेवावी. पण दाखला इतकेंच सांगतो कीं अमुक गोष्ट अमुक वयास वर्ज्य नाहीं; ती पाहण्याजोगी आहे कीं नाहीं हें घरच्यांनींच ठरवावयाचें. त्यासाठीं आमची कसोटी साधी आहे. जें पाहून झाल्यावर मूल प्रश्न विचारतें, नक्कल करतें, दुसऱ्या दिवशीं त्याचा खेळ मांडतें, तें चांगलें. जें बंद केल्याबरोबर मूल केवळ किंचाळतें आणि काय पाहिलें हें सांगूं शकत नाहीं, तें टाळावें. ही कसोटी लावण्याकरितां मोठ्यांपैकीं कोणी तरी शेजारीं बसलेलें असावें लागतें, आणि खरी अडचण तेथेंच आहे.

पडद्याबाहेरची करमणूक तर आपल्या भाषेंत विपुल आहे. वासुदेव गोविंद आपटे यांनीं १९०६ सालीं मुलांसाठीं ‘आनंद’ मासिक काढलें; मराठींत बालमासिकांची परंपरा जुनी आहे. बालभारतीचें ‘किशोर’ १९७१ सालीं निघालें. त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचावयास मिळतात, म्हणजे आजच्या आईबापांनीं लहानपणीं वाचलेला अंक मुलांसमवेत पुन्हां वाचतां येतो. सुधा करमरकर यांनीं १९५९ सालीं रत्नाकर मतकरी यांचें ‘मधुमंजिरी’ रंगभूमीवर आणून मुलांच्या नाटकांस मानाचें स्थान मिळवून दिलें. मतकरींचें ‘अलबत्या गलबत्या’ २०१८ सालीं पुन्हां रंगभूमीवर आलें, तेव्हां मोबाईल पाहणाऱ्या मुलांनींहि तें डोक्यावर घेतलें. शिक्रापूरच्या कुटुंबास सुटींत मुलांस पुण्याचें एखादें बालनाट्य दाखविणें कठीण नाहीं. आणि दररोजच्या संध्याकाळीं भेंड्या, पत्ते, सागरगोटे, सोंगट्या, आजोबांची एखादी गोष्ट यांस कोणताच खर्च नाहीं.

रविवारीं दूर जावयास नको. शिरूर तालुक्यांतच मोराची चिंचोली आहे. तेथें चिंचेच्या झाडीत मोर दिसतात, आणि थंडीच्या दिवसांत हुरडा खावयास मिळतो. कोवळी ज्वारी शेणीच्या आगटीवर भाजून, हातावर चोळून, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खातांना खाऊ आणि करमणूक या दोन्ही गोष्टी एकत्र येतात, आणि त्यांचें एकत्र येणें येथें मात्र शोभतें. कारण मूल जें खातें आहे तेंच पाहातें आहे. कुकडीच्या पात्रांत, एका कांठीं निघोज व दुसऱ्या कांठीं टाकळी हाजी, या गांवांच्या मध्यें काळ्या कातळांतील रांजणखळगे आहेत. प्रवाहाच्या भोवऱ्यांत गरगरणाऱ्या गोट्यांनीं दगड कसा कोरला जातो हें तेथें मुलांस प्रत्यक्ष दाखवितां येतें. पाणी ओसरल्यावरच तेथें जावें, व लहान मुलांचा हात सोडूं नये.

हें सारें वाचून कित्येक भगिनी मनांत म्हणतील कीं, सांगणें सोपें आहे. पण भाजणी भाजावयाची कोणीं, लाह्यांचा चिवडा करावयाचा कोणीं, आणि मुलाजवळ बसावयाचें कोणीं? हा आक्षेप अगदीं रास्त आहे. पाकिटांतील खाऊ व हातांतील मोबाईल घरांत शिरले, याचें कारण आयांचा आळस नसून त्यांच्या माथीं आलेलें दुहेरी काम हें आहे. तें काम वांटून न घेतां नुसता उपदेश केला, तर तो आणखी एक भार होईल. म्हणून सर्व घरानें एका रविवारीं तासभर बसून चार गोष्टी कागदावर लिहाव्या, असें आम्ही सुचवितों.

पहिली : जेवणाच्या पानावर कोणाचाच मोबाईल नसावा, यांत आजोबा व काकाहि आले. दुसरी : चारच्या खाण्याचा आठवड्याचा तक्ता करून स्वयंपाकघरांत लावावा, आणि प्रत्येक दिवसापुढें तो पदार्थ करणाराचें किंवा देणाराचें नांव लिहावें. त्यांत पुरुषांचीं नांवें असलींच पाहिजेत. दुपारची सुटी असलेल्या पाळीच्या आठवड्यांत बापानें पोहे करावे, आजोबांनीं शेंगा सोलाव्या व फळें चिरावीं, यांत कोणाचीहि प्रतिष्ठा कमी होत नाहीं. तिसरी : पडद्याची वेळ एकच ठरवावी व त्या वेळीं वडील माणसांपैकीं एकानें मुलांजवळ बसावें, ही पाळीहि आळीपाळीनें असावी. चौथी : बाहेरून येणारा खाऊ परस्पर मुलांच्या हातीं न पडतां आधीं घरांत ठेवावा, व सणावारीं, वाढदिवसास किंवा ठरलेल्या वारीं सर्वांस सारखा वांटावा. मुलांस सरसकट बंदी करूं नये. चोरून खाल्लेल्या खाऊची गोडी फार असते, आणि चोरून देणारा वडील मनुष्य मुलास खाऊबरोबर लपवाछपवीहि शिकवितो.

सुनेनें नाहीं म्हटलें आणि सासूबाईंनीं मागच्या दारानें दिलें, असें जेथें चालतें, तेथें मूल लवकरच दोघींसहि खेळवूं लागतें, आणि त्या दोघींत मात्र कायमची अढी पडते. एकत्र कुटुंबांत मुलाला चार हात सांभाळणारे असतात, हें त्याचें मोठें भाग्य. ते चारहि हात एकाच दिशेनें वळले तर विभक्त घरांतील एकट्या आईबापांस जें जड जातें तें येथें सहज साधेल. कागदावर लिहिलेलें सारेंच पहिल्या महिन्यांत पाळलें जाईल असें आम्ही म्हणत नाहीं. पहिला नियम जरी महिनाभर टिकला तरी दुसऱ्यास हात घालण्यास धीर येईल.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असा तक्ता केला जाईल, त्यांनीं त्यांतील कोणती कलमें टिकलीं व कोणतीं मोडलीं, आणि तीं कोणत्या कारणानें मोडलीं, हें आम्हांस अवश्य कळवावें. मोडलेल्या कलमांचा वृत्तांत आम्हांस अधिक उपयोगी पडेल. पुढील एखाद्या अंकीं त्याचा विचार या सदरांत करूं.